लवकर पोचल्याचा दंड

आमच्या बुलढाण्याकडे शर्यत म्हटली की शंकरपट. जी जोडी कमी सेकंदांत पट पार करेल ती जिंकली, विषय संपला. मोटारींची रॅलीही अशीच असणार, असं मी धरून चालले होते.

मुंबईला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनची महिलांची रॅली भरते. तिथे मावसबहीण गाडी चालवणार आणि शेजारी नेव्हिगेटर म्हणून मी बसणार, असं ठरलं. सरावासाठी तिने चिखली-मेहकर रस्त्याचं रोडबुक स्वतः तयार करून आणलं. त्यात एकाही गावाचं नाव नाही! नुसते चौकांचे आराखडे. गोळा म्हणजे आपण आलो ती बाजू, बाण म्हणजे जायची, आणि शेजारी मागच्या वळणापासूनचं अंतर.

"ताई, भरधाव जायचं नाही. सरासरी छत्तीस सांगितलीय, छत्तीसच ठेवायची."

म्हणजे १८ किलोमीटरला बरोबर ३० मिनिटं. गाड्या एकेका मिनिटाने सुटतात, त्यामुळे प्रत्येकीचा हिशेब वेगळा. ९.१२ला सुटलेली गाडी ९.४२लाच पोचायला हवी. उशिरा गेलं तर दंड, हे पटलं. पण लवकर गेलं तरी दंड, आणि बऱ्याच स्पर्धांत तो उशिरापेक्षा जास्त!

"मग पुढे जाऊन झाडाखाली थांबू की!" मी म्हटलं. तेही चालत नाही. तपासणी चौक्या गुप्त असतात. वळण घेतलं की मार्शल समोर उभा. चौकी दिसल्यावर गाडी थांबवून वेळ काढणं नियमात बसत नाही. त्यामुळे वाटेत कुठेही विचारलं तरी वेळ जुळलेली हवी. ट्रॅक्टर आडवा आला की गेलेली मिनिटं हळूहळू भरून काढायची.

त्यात आपल्या गाडीचा मीटर संयोजकांच्या मीटरशी जुळेलच असं नाही. टायरच्या झिजेनेही फरक पडतो. त्यांच्या १० किलोमीटरला आपला मीटर १०.२ दाखवत असेल, तर आपला प्रत्येक आकडा १.०२ने भागायचा. धावत्या गाडीत, मांडीवर वही ठेवून!

नाशिकला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या रॅलीसारखा प्रकार मात्र खऱ्या वेगाचा. बंद रस्त्यावरच्या स्पेशल स्टेजची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. पण दोन स्टेजमधल्या चालू रस्त्यावर तिथेही घड्याळाचंच राज्य. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चौकीवर एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड, एक मिनिट लवकर गेलं तर पूर्ण एक मिनिट. रहदारीच्या रस्त्यावर कुणी गाडी पिटाळू नये, हा त्यामागचा सरळ हिशेब.

या सगळ्याची नोंद असते टाइम कार्डावर. ते आपल्याच ताब्यात असतं आणि त्याची जबाबदारीही आपलीच. तेव्हा पहिल्यांदा नेव्हिगेटर होणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात: सुटण्याआधी आपलं घड्याळ संयोजकांच्या घड्याळाशी लावून घ्यावं, आणि मार्शलने लिहिलेला आकडा स्वतः वाचल्याशिवाय चौकी सोडू नये.