वेळासची कासवे आणि आपले शिवार

वाचकहो, भीमाकाठच्या आमच्या वढू बुद्रुकहून समुद्र पार घाटाखाली. कृषी खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाने कासवांवर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण गावाने मनावर घेतले की काय घडते, ते मी वेळासला पाहिले. ते तुम्हाला सांगायचे आहे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, नाना फडणवीसांचे गाव. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. उरलेली कोल्हीकुत्री उकरत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे पाहिले आणि गावातल्याच लोकांना राखणीला घेतले.

काम आपल्या रोपवाटिकेसारखेच आहे. पहाटे किनारा चालायचा, माग काढून घरटे शोधायचे, अंडी कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि तारीख व संख्या वहीत लिहायची. साधारण पन्नास दिवसांनी पिले वर येतात. ती समुद्राकडे सोडायची. वाळू फार तापली तर माद्या जास्त निपजतात, म्हणून उन्हाकडेही लक्ष हवे.

पुढे पिले पाहायला पुण्या-मुंबईचे लोक येऊ लागले. गावाने घराघरांतच त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. मी उतरलो त्या घरच्या काकूंच्या हाती दोन महिने स्वतःचा पैसा येत होता. राखणीचा आधार चुलीला मिळाला, म्हणून राखण टिकली.

नोंदीचे मोलही मोठे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण केलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. खुणेचा क्रमांक कुणी वाचलाच नसता, तर हा प्रवास कळला असता का?

आता आपल्याकडे पाहू. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. तिथे मोर जपले आणि पाहुण्यांमुळे घरांना मिळकतही झाली. पण बिबट्या म्हणजे मोर नव्हे की कासव नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे बळी गेले. त्या आईबापांना जनावर जपा म्हणून सांगायला माझी जीभ रेटणार नाही. माणसाचा जीव आधी.

तरीही वेळासची वही आपल्याला घेता येईल. बिबट्या दिसला किंवा ठसे दिसले, की दिवस, वेळ आणि शिवाराचे नाव लिहून ठेवा व वनखात्याला द्या. ऊसतोडीत बछडे सापडले तर हाताळू नका, फोटोसाठी उचलू नका. तोड थांबवून वनखात्याला बोलवा. पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. अंधारात लेकरू एकटे पाठवू नका, आणि गोठा बंदिस्त करा.

एक शंभर पानी वही ग्रामपंचायतीत ठेवायला खर्च तो किती? येत्या ग्रामसभेत विषय काढून तर पाहा.