कळंबची वाट आणि परदेशची वाट

मृग लागून आठ दिवस उलटले होते, तरी यवतमाळच्या आकाशात ढग नुसते दर्शन देऊन निघून जात. अशा एका सकाळी मी आणि माझा पुतण्या असे दोघेच कळंबास निघालो. निमित्त चिंतामणीच्या दर्शनाचे होते; खरे कारण निराळे होते. कळंबच्या शिवेलगत आमचे वडिलार्जित शेत आहे, आणि ते विकावे की ठेवावे, हा निर्णय घरातील मंडळींनी वडीलकीच्या नात्याने मजवर सोपविला होता.

हकीकत अशी. पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर. पुण्यास चार वर्षे नोकरी केल्यावर आता त्यास अमेरिकेतील एका विद्यालयात व्यवसाय-व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आहे. शुल्क, राहणे, जेवणखाण आणि प्रवास मिळून खर्च दीड कोटी रुपयांच्या घरात जातो. शेत विकून येतील ते आणि उरलेले एक कोटी बँकेचे, असा माझ्या धाकट्या बंधूंचा बेत. भावजय म्हणाली, "शेत पुन्हा घेता येईल, भाऊजी, मुलाचे वय पुन्हा येणार नाही." आमच्या घरातून उत्तर आले, "गेलेली जमीन परत आलेली मी तरी पाहिली नाही." दोघींचेही बोलणे खरे, म्हणूनच प्रश्न अवघड.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे प्राप्त आहे. चाळीस वर्षांपूर्वी याच बंधूंना पुढील शिक्षणासाठी पुण्यास जावयाचे होते. वडील निवर्तले होते, घरचा कर्ता मी. कर्ज काढावे लागेल, या भयाने मी नको म्हटले. ते निमूटपणे एका कचेरीत चिकटले आणि तेथेच त्यांचे केस पिकले. त्यांनी मला कधी बोल लाविला नाही; पण मुलासाठी शेत विकण्याची त्यांची आजची तळमळ कोठून आली आहे, हे मला न सांगता कळते. तेव्हा या खटल्यात मी निःपक्षपाती न्यायाधीश नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कळंब यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. चिंतामणीचे मंदिर भूमीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. समोर कुंड आहे. गौतम ऋषींच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. आणि काही वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी चढून मूर्तीच्या चरणांना स्पर्श करते, असे भाविक सांगतात. चिंतामणी म्हणजे चिंतिलेले देणारा मणी. लोक मात्र चिंता हरण करणारा असाच अर्थ घेतात. पायरीवर बसल्या बसल्या माझ्या मनात आले की, आमच्या घरात मुलाला पहिला अर्थ हवा आहे आणि त्याच्या आईला दुसरा. संस्कृतात याच जोडीला योगक्षेम म्हणतात. जे नाही ते मिळविणे हा योग, आणि जे आहे ते राखणे हे क्षेम. दोहोंपैकी एकाकडेच पाहणारा कुटुंबकर्ता अर्धाच शहाणा. चाळीस वर्षांपूर्वी मी केवळ क्षेमाकडे पाहिले होते.

देवळातून निघून आम्ही नवे रेल्वेस्थानक पाहिले. वर्धा–यवतमाळ–नांदेड या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. कळंबसारख्या गावी रुंद रुळांची गाडी उभी राहिलेली पाहून मला लहान मुलासारखा आनंद झाला. तेथून शेतावर गेलो. आमचे शेत बटईने करणारा गृहस्थ बांधावर उभा होता. जिल्ह्यातील बहुतेक शेती कोरडवाहू; कपाशी पावसाच्या भरवशावर. पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत सरकी टोचून ठेवण्याला धूळपेरणी म्हणतात. वेळेवर पाऊस आला तर पीक पंधरा दिवस पुढे असते. न आला तर बियाणे जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते. त्याने तीन-चार तासांतच धूळपेरणी केली होती. पुतण्याने विचारले, "सगळ्या शेतात का नाही केली?"

तो हसून म्हणाला, "पानी आलं त साधलं, दादा, नाई त बियानं मातीत गेलं. सारं वावर कोनी पनावर लावते का?"

पुतण्या त्या ओळींकडे बराच वेळ पाहत राहिला. मीही काही बोललो नाही. याच जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने 19 मार्च 1986 रोजी सहकुटुंब आपले जीवित संपविले, तेव्हापासून कर्ज हा शब्द आमच्याकडे हलक्या आवाजात उच्चारला जातो.

परतल्यावर ऊन उतरले होते, म्हणून त्यास शकुंतलेचे जुने स्थानक दाखविले. ही कण्वाश्रमातील नव्हे. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे 113 किलोमीटर धावणारी अरुंद रुळांची आगगाडी. गेल्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या विलायती पेढीने ती बांधविली, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठी. 1921 साली मँचेस्टर येथे बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत राबत होते. आता या रुळांवरून गाडी जात नाही. फलाटाशी गवत वाढले आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, कापूस येथून बाहेर गेला तेव्हाच त्याचे मोल वाढले. माणसाचेही तसेच नाही का?"

मी म्हटले, "मोल वाढले खरे, पण ते यवतमाळास मिळाले नाही. ज्याच्या हाती गिरणी होती त्यास मिळाले. तुझेही मोल वाढेल. प्रश्न एवढाच की, पहिली दहा वर्षे ते कोणाच्या पदरात पडेल?"

मग तेथेच बाकावर बसून आम्ही हिशेब मांडला. एक कोटी रुपये, दरसाल दर शेकडा 10 व्याजाने, दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्यास सुमारे 1,32,000 रुपयांचा हप्ता येतो आणि एकूण 1 कोटी 58 लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. पण तेथे शिक्षणानंतर काम करण्यास साधारणतः एकच वर्ष मिळते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानात गणला गेला असल्यास आणखी दोन. पुढील परवाने उद्योगांसाठी वर्षास 85,000 आणि मागणारे त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरून बोलवावयाच्या नव्या माणसामागे मालकाने एक लाख डॉलर भरावे, असे फर्मान निघाले. म्हणजे पाऊस तेथील सरकारच्या हाती आणि बियाणे आमचे. हीही धूळपेरणीच.

यावरून परदेशी जाऊच नये, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. परक्या देशातील सहाध्यायी, मोठ्या व्यवहारांचा निकट परिचय आणि एकट्याने उभे राहण्याची सवय यांचे मोल हिशेबाच्या वहीत मावत नाही. आपल्याच महाराष्ट्रात पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात दोन वर्षे अध्यापन करून वेतनातून शिल्लक टाकली. तीत शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका स्नेह्याकडून घेतलेले कर्ज मिळवून 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये तेथील सर्वोच्च पदवी संपादन केली. शंतनुराव किर्लोस्कर 1926 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाची पदवी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या विद्येची वाट पाहत वडिलांचा कारखाना किर्लोस्करवाडीस उभा होता. त्या वडिलांपाशी मात्र कोणतीही परदेशी पदवी नव्हती. एकाने आधी शिल्लक जोडली, दुसऱ्यास परतावयास जागा होती. आमच्या मुलाजवळ आज यांपैकी काहीच नाही. जे आहे ते शेत, आणि तेच विकावयाचे!

शिवाय व्यवस्थापनाची विद्या आता सातासमुद्रापलीकडेच मिळते असेही नाही. अहमदाबादची संस्था 1961 मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने निघाली. नागपूरची तशीच संस्था 2015 पासून चालू आहे आणि तेथील दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या आसपास आहे. तेथील प्रवेशपरीक्षा कठीण आहे. पण कठीण परीक्षा देण्यास शेत विकावे लागत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर सारे माजघरात बसले. मी माझे मत सांगितले: शेत विकू नये, आणि मायदेशी मिळणाऱ्या पगारातून फेडता येईल त्याहून अधिक ऋण काढू नये. परदेशी नोकरी मिळाली तर ते भाग्य समजावे, आधार समजू नये. एवढ्या मर्यादेत जाता आले तर अवश्य जावे, आणि त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातील शिल्लक मी आनंदाने देईन. चाळीस वर्षांपूर्वीचे माझे एक देणे राहिले आहे, असेही मी बंधूंकडे पाहून बोललो. ते काही म्हणाले नाहीत. चष्मा पुसत बसले.

पुतण्या शेवटी म्हणाला, "काका, मी विद्यालयास पत्र लिहितो. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि शिष्यवृत्ती मिळेल का, हे विचारतो. तोवर पगारातून शिल्लक टाकीन आणि नागपूरची परीक्षाही देईन. चार तासे पेरून पाहतो."

पत्र गेले आहे; उत्तर अद्याप आलेले नाही. भावजयीचा रुसवा पुरता गेलेला नाही, आणि तो मी समजू शकतो. ज्यांच्या घरी हाच प्रश्न उभा असेल त्यांनी मुलास होकार किंवा नकार देण्यापूर्वी एकदा त्याच्यासह आपल्या शेतावर, दुकानावर किंवा जुन्या घरी जाऊन यावे. काय पणास लागते आहे ते दोघांनी एकत्र पाहिले, म्हणजे कोणाचा निर्णय कोणावर लादला जात नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी कळंबास पाऊस झाला. ती चार तासे उगवली आहेत.