गाडीची पायरी



आमच्या जुन्या दवाखान्याच्या गाडीची पायरी विजेवर चालते. दार उघडले की स्विच लागतो आणि १२ व्होल्टची मोटर पायरी बाहेर काढते. गेल्या पावसाळ्यात लोधीखेड्यात दार उघडले, पायरी आलीच नाही. गुडघे धरून उभी असलेली एक आजी काही न बोलता माघारी वळली. आत डॉक्टर होते, औषधे होती. साधे स्टूल ठेवायचेही आम्हाला सुचले नाही.

संध्याकाळी बॅटरीची तार काढून आम्ही गाडीखाली शिरलो. पायरी अचानक हलली तर बोटे सापडतात. मोटर चांगली होती. सांध्यांत काळी माती घट्ट बसली होती, अर्थिंगची तार गंजली होती. माती धुतली, तारेचे टोक घासले, सिलिकॉनचा फवारा मारला. ग्रीस लावले नाही, त्याला धूळ चिकटते.

ती माती लोकांच्या पायांचीच होती. योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते आठवले.

दुसऱ्या दिवशी आजीच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. आता दर आठवड्याला गुडघे टेकून पायरी पुसतो.

हे प्रभू, तुझ्या दाराशी आलेले कोणी आमच्या आळसामुळे माघारी जाऊ नये. आमेन.