डॉर्नॉक : समुद्राकाठी गोल्फची निवांत सुट्टी

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत मोटारींची रांग आणि सभासदत्वासाठी वर्षानुवर्षे ताटकळणारी मंडळी. हा साहेबांचा, लष्करी अधिकाऱ्यांचा नाहीतर बड्या उद्योगपतींचा खेळ, अशीच बहुतेकांची समजूत असते. ती काही अगदीच चुकीची नाही. स्कॉटिश व्यापारी आणि अधिकारी हा खेळ आपल्यासोबत हिंदुस्थानात घेऊन आले. १८२९ मध्ये कलकत्त्याला आणि १८४२ मध्ये मुंबईला गोल्फ क्लब निघाले आणि खेळ क्लबच्या चार भिंतींतच राहिला.

पण हा खेळ ज्या मातीत जन्मला, तिथे त्याचे रूप फार वेगळे आहे. ते पाहायचे असेल तर स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील डॉर्नॉक या चिमुकल्या गावी जावे. घरात एकच गोल्फवेडा असला आणि बाकीच्यांना काठी कशी धरतात हेही ठाऊक नसले, तरी सगळ्यांची सुट्टी सत्कारणी लागेल असे हे ठिकाण आहे.

वाळूच्या जमिनीवरचा खेळ

इन्व्हरनेस शहरातून उत्तरेकडे निघाले की मोटारीने तासाभरात डॉर्नॉक येते. वाटेत डॉर्नॉक फर्थ ही खाडी लागते. तिच्यावरचा लांबलचक, बुटका पूल १९९१ मध्ये झाला. त्याआधी खाडीला मोठा वळसा घालावा लागे. त्याही पूर्वी लोक नावेने खाडी ओलांडत. १८०९ च्या ऑगस्टमध्ये टेन गावच्या जत्रेला निघालेली अशीच एक खच्चून भरलेली नाव बुडाली आणि ९९ जणांना जलसमाधी मिळाली. आज पुलावरून जाताना खाली दिसणारे शांत पाणी पाहून हे खरे वाटत नाही.

गाव जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे. पिवळसर दगडाची घरे, मधोमध तेराव्या शतकातले कॅथीड्रल, समोर जुन्या गढीचे झालेले हॉटेल आणि गाव संपले की लगेच गोल्फचे मैदान. मैदानापलीकडे मैलोन् मैल पसरलेली पुळण आणि उत्तर समुद्र.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या या वालुकामय पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. इथे नांगर चालत नाही, पीक येत नाही. येते ते फक्त खुरटे, चिवट गवत. त्यामुळे ही जमीन गावाच्या उपयोगाची राहिली. त्यावर मेंढ्या चरत, जाळी वाळत, मुले हुंदडत आणि रिकामा वेळ मिळाला की लोक काठीने चेंडू टोलवत. वाऱ्यापासून बचाव करायला मेंढ्या जिथे खड्डे करून बसत, तिथेच पुढे गोल्फमधले वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर' झाले, असे सांगतात. मैदान कोणी मुद्दाम बनवले नाही, वारा, वाळू आणि मेंढ्या यांनीच ते घडवले.

या खेळाचे वेड इतके होते की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली. कारण काय, तर लोक धनुर्विद्येचा सराव सोडून याच्या नादी लागले होते! बंदी कागदावरच राहिली. डॉर्नॉकमध्ये गोल्फ खेळला जात असल्याची नोंद १६१६ ची आहे आणि तीही मोठी गमतीची. गावात शिकायला असलेल्या सदरलंडच्या बालवयातील अर्लसाठी धनुष्यबाण, गोल्फच्या काठ्या आणि चेंडू यांवर झालेला खर्च हिशेबात मांडलेला आहे. शाळकरी पोराच्या खेळण्यांचा खर्च चारशे वर्षांनी इतिहास ठरला!

सुतारकाम शिकलेला मुलगा नि चारशे मैदाने

इथला क्लब १८७७ मध्ये स्थापन झाला. १८८६ मध्ये सेंट अँड्र्यूजचे ख्यातनाम टॉम मॉरिस यांनी मैदानाची रीतसर आखणी केली. १९०६ मध्ये राजाने क्लबला 'रॉयल' हा किताब दिला. मात्र या मैदानाची कीर्ती जगभर नेली ती याच गावात १८७२ मध्ये जन्मलेल्या डोनाल्ड रॉस यांनी. तरुणपणी त्यांनी सुतारकाम शिकून घेतले. मग सेंट अँड्र्यूजला मॉरिस यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि गावी परतून मैदानाची देखभाल सांभाळली. १८९९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी सुमारे चारशे मैदानांची आखणी केली. उत्तर कॅरोलिनातील पाइनहर्स्टचे 'नंबर दोन' हे त्यांतले सर्वांत गाजलेले. उलट्या ठेवलेल्या बशीसारखी मधोमध फुगीर हिरवळ ही त्यांची खूण मानली जाते. ती त्यांनी लहानपणापासून डॉर्नॉकमध्ये पाहिली होती.

मैदानाची पहिली काही होल पार केली की एकदम उंचवट्यावरून सारा किनारा नजरेच्या टप्प्यात येतो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गॉर्सची काटेरी झुडपे. मे महिन्यात ही झुडपे सोनेरी फुलांनी अशी डवरतात की टेकाडाला हळद लागल्याचा भास व्हावा. फुलांचा वास मात्र चक्क ओल्या खोबऱ्याचा! स्कॉटलंडच्या थंड वाऱ्यात अचानक कोकणातल्या स्वयंपाकघराची आठवण यावी, ही मोठीच मौज आहे.

'फॉक्सी' या नावाचे चौदावे होल जाणकारांचे फार लाडके आहे. त्यावर एकही बंकर नाही. तरी ते भल्याभल्यांना नमवते, कारण जमिनीचे चढउतार आणि वारा एवढेच त्याला पुरेसे आहेत. अमेरिकेचा विख्यात खेळाडू टॉम वॉटसन १९८१ मध्ये इथे आला नि या मैदानावर असा लुब्ध झाला की २४ तासांत तीन फेऱ्या खेळला. आडबाजूच्या या गावात ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा मात्र कधीच झालेली नाही. डॉर्नॉकचा निवांतपणा टिकला, त्यात याचाही वाटा असावा.

न खेळणाऱ्यांनी काय करावे?

नवरा किंवा बायको मैदानावर चार तास रमली, तर बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न डॉर्नॉकमध्ये पडत नाही. मैदानाच्या कडेनेच पुळणीवर जाता येते. मुलांनी वाळूचे किल्ले करावेत, शिंपले वेचावेत. पाणी मात्र उन्हाळ्यातही गार असते, तेव्हा पाय बुडवण्यावर समाधान मानलेले बरे.

२००३ च्या जमीन कायद्याने स्कॉटलंडमध्ये कोणालाही मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालत जाण्याचा हक्क दिला आहे. गोल्फच्या मैदानातूनही पलीकडे जाता येते, मात्र हिरवळीवर पाय द्यायचा नाही आणि खेळणाऱ्यांच्या आड यायचे नाही. आपल्याकडच्या मैदानांची आठवण झाली की या मोकळिकीचे मोल कळते.

गावातले 'हिस्टरीलिंक्स' हे संग्रहालय लहान, पण जिवंत आहे. मैदानाजवळच एका बागेत एक ओबडधोबड दगड दिसतो. जॅनेट हॉर्न नावाच्या वृद्धेला चेटकीण ठरवून इथे जाळण्यात आले. ब्रिटनमध्ये चेटकाच्या आरोपावरून देहदंड झालेली ती शेवटची व्यक्ती मानली जाते. दगडावर १७२२ असे कोरले आहे, तर इतिहासकार बहुधा १७२७ हे साल देतात.

उत्तरेला थोड्या अंतरावर लॉक फ्लीट ही उथळ खाडी आहे. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर सील आळोखेपिळोखे देत पडलेले असतात. रस्त्याच्या कडेला मोटार थांबवूनही ते दिसतात. त्यापुढे गोल्स्पीजवळ डनरॉबिन हा १८९ खोल्यांचा, परीकथेत शोभेलसा राजवाडा आहे. तिथे शिकारी पक्ष्यांचे खेळ पाहताना मुले खूश होतात. गावाच्या दुसऱ्या अंगाला स्किबो किल्ला आहे. विणकराच्या घरी जन्मून अमेरिकेत पोलादसम्राट झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १८९८ मध्ये तो विकत घेतला. आता तो सभासदांचा खासगी क्लब आहे. गायिका मॅडोनाचे २००० सालचे लग्न याच किल्ल्यात लागले आणि डॉर्नॉक काही दिवस जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले.

खेळाची हौस भागली नसेल तर गोल्स्पी, ब्रोरा आणि टेन इथलीही मैदाने जवळच आहेत. ब्रोराच्या मैदानावर कित्येक दशके मेंढ्या आणि गाईगुरे खुशाल चरत असत आणि हिरवळ वाचवण्यासाठी तिच्याभोवती विजेची तार लावावी लागे. शेतकऱ्यांचा चराईचा हक्क आणि गोल्फरांचा खेळ, दोन्ही एकाच जमिनीवर नांदले.

ही शांतता कुठून आली?

डॉर्नॉकला येणारा प्रत्येक पाहुणा इथल्या शांततेवर खूश होतो. दऱ्याखोऱ्यांतून मैलोन् मैल घर दिसत नाही, माणूस दिसत नाही. पण ही शांतता केवळ निसर्गाची देणगी नाही. गोल्स्पीच्या मैदानावरून मान वर केली की बेन ब्रॅगी डोंगरावर सुमारे १०० फूट उंचीचा एक पुतळा दिसतो. तो सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या इस्टेटीवरील हजारो कुळांना आतल्या खोऱ्यांतून हुसकावून लावण्यात आले. मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांतून जास्त उत्पन्न मिळणार होते, म्हणून माणसे हलवली. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात तर लोक परतू नयेत म्हणून घरांची छपरे जाळली गेली.

काहींना समुद्राकाठच्या तुटपुंज्या जमिनीवर वसवून मासेमारी करायला सांगितले. ज्यांनी कधी होडी वल्हवली नव्हती, त्यांना! बाकीचे जहाजात बसून कॅनडाला गेले. डनरॉबिनच्या राजवाड्याला आजचे देखणे रूप त्यानंतर, १८४५ च्या सुमारास मिळाले. उत्तरेला हेल्म्सडेल गावात २००७ मध्ये या निर्वासितांचे शिल्प उभारले आहे. बाप पुढे पाहतो आहे, तान्हे घेतलेली आई मागे वळून आपल्या खोऱ्याकडे पाहते आहे. राजवाडा पाहिला तर हे शिल्पही पाहावे. मुलांना दोन्ही दाखवावीत, म्हणजे सहल पुरी होते.

मेंढ्यांसाठी माणसे गेली, ती परत आली नाहीत. आजही तरुण मुले कामासाठी दक्षिणेकडे जातात. अशा मुलखात गोल्फसाठी येणारा पाहुणा म्हणजे हॉटेलातली नोकरी, दुकानातले गिऱ्हाईक. म्हणूनच डॉर्नॉकजवळ एम्बो गावाशेजारी 'कूल लिंक्स' येथे नवे मैदान करायचा बेत निघाला, तेव्हा अनेक गावकऱ्यांनी तो उचलून धरला. पण तिथल्या वाळूच्या टेकड्या संरक्षित आहेत. दुर्मीळ वनस्पती, कीटक आणि पक्षी यांचा तो आसरा आहे. निसर्गप्रेमींनी विरोध केला. २०१८ मध्ये स्थानिक परिषदेने दिलेली परवानगी २०२० मध्ये स्कॉटलंड सरकारने नाकारली. पुढे सुधारित प्रस्ताव आला आणि वाद पुन्हा पेटला.

यात खलनायक कोणीच नाही. एका बाजूला गाव जगवण्याची धडपड आहे, तर दुसऱ्या बाजूला एकदा गेली की परत न येणारी वाळू. किनाऱ्यावर हॉटेले उगवताना पाहणाऱ्या आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हा पेच परका वाटणार नाही. जुन्या मैदानाने जमीन वापरली, ती मेंढ्या, जाळी आणि मुले यांच्या सोबतीने. नव्यालाही ते साधेल का, हाच खरा सवाल आहे.

जाण्यापूर्वी

कधी जावे : मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकूनही फेरी मारता येते. मे महिन्यात गॉर्सचा बहर असतो.

कसे जावे : ब्रिटनचा व्हिसा लागतो. लंडनहून इन्व्हरनेसला विमानाने किंवा रात्रीच्या शयनयान गाडीने जाता येते. डॉर्नॉकची रेल्वे १९६० मध्ये बंद झाली. त्यामुळे टेनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, किंवा इन्व्हरनेसहूनच मोटार भाड्याने घ्यावी.

खेळायचे असेल तर : मुख्य मैदानाचे आरक्षण काही महिने आधी करावे. त्याचे शुल्क बरेच असते आणि हँडिकॅपचा दाखला जवळ असलेला चांगला. नवशिक्यांसाठी याच क्लबचे 'स्ट्रुई' हे दुसरे मैदान सोपे आणि स्वस्त पडते.

काय न्यावे : उन्हाळा असला तरी लोकरीचा स्वेटर, वारा अडवणारे जाकीट आणि मजबूत बूट. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती क्षणात उलटी करतो.

काय खावे : मासे खाणाऱ्यांनी धुरावलेल्या हॅडॉक माशाचे 'कलन स्किंक' हे दाट सूप अवश्य चाखावे. शाकाहारी मंडळींसाठी ओटची बिस्किटे आणि चीज आहेच, पण शाकाहारी 'हॅगिस'ही मिळते. ओट, डाळी आणि भाज्यांचा हा मसालेदार गोळा मराठी जिभेला सहज रुचतो.