नालांचिऱ्याच्या उतारावरचं घर

तिरुवनंतपुरमहून एम. सी. रोडने उत्तरेला निघालं, की केशवदासपुरमनंतर नालांचिरा येतं. इथल्या खडकाळ, तीव्र उतारावर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी १९७०च्या सुमारास 'द हॅम्लेट' हे आपलं राहतं घर बांधायला घेतलं. सुरुवात लहानशीच होती, पुढे गरजेप्रमाणे खोल्या वाढत गेल्या. जमीन सपाट करून घ्यायचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, उतार जसा वळतो तसं घर वळलं. पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड इथे पुन्हा लागलं, भिंतीत रिकाम्या बाटल्या बसल्या आणि विटांच्या जाळीतून वारा, उजेड खेळता राहिला. लोकांना सुचवायचं ते आधी स्वतःच्या घरात वापरणारे बांधकाम करणारे आजही विरळाच.

बेकर जन्माने इंग्रज, १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले. मग त्यांना स्थानिक कसं म्हणायचं? मला तर ते अनेक मल्याळी वास्तुरचनाकारांपेक्षा जास्त स्थानिक वाटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून परतताना जहाजाची वाट पाहत ते मुंबईत अडकले आणि तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या साहित्यातून घर उभं राहावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवलं. लग्नानंतर ते पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह पिथोरागढच्या डोंगरात राहिले. तिथल्या गवंड्यांचं दगड-मातीचं काम पाहून आपल्या पदवीतलं बरंच काही इथे निरुपयोगी आहे, हे त्यांनी ओळखलं. केरळात आल्यावरही त्यांनी स्थानिक साहित्य आणि गवंडीकामावरच भर दिला, फक्त दगडाच्या जागी वीट आणि मंगळुरी कौल आलं. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली, की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. स्लॅबच्या तळाशी काँक्रीट फारसा भार पेलत नाही, म्हणून तिथे टाकाऊ कौलं भरली, की सिमेंट वाचतं.

आक्षेप असा, की हे सगळं एका कल्पक माणसाला जमलं, सरकारी वसाहतींना कसं जमावं? शिवाय अशा कामाला कसलेला गवंडी लागतो आणि मजुरी आता महाग आहे. यातला मजुरीचा भाग खरा आहे. पण इथे पैसा वाचण्याइतकंच तो कुठे जातो हेही महत्त्वाचं: सिमेंट-पोलादाच्या कारखान्याकडे जाणारा पैसा गावातल्या गवंड्याच्या हाती पडतो. पहिल्या आक्षेपाला उत्तर तिरुवनंतपुरमच्याच उळ्ळूर भागात आहे. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा तिथला सबंध परिसर बेकर यांनी याच पद्धतींनी उभारला. १९८५मध्ये स्थापन झालेल्या कॉस्टफोर्ड या संस्थेनेही त्यांची पद्धत सामान्यांच्या घरांपर्यंत नेली. अडचण कल्पकतेची नव्हेच. प्रत्येक जागेवर स्वतः उभं राहून निर्णय घ्यावे लागतात आणि खर्च वाढला की शुल्क वाढणाऱ्या व्यवसायाला ते परवडत नाही. बेकर मात्र कागदाच्या कपट्यावर रेखाटन करत आणि गवंड्याशेजारी उभे राहून ते बदलत.

हॅम्लेट हे कुटुंबाचं घर, तेव्हा आगंतुकपणे दार ठोठावू नये. बेकर यांचं काम जवळून पाहायचं, तर तिरुवनंतपुरमात तंपानूरच्या बसस्थानकाजवळ त्यांनीच बांधलेलं गोल चढणीचं इंडियन कॉफी हाउस सर्वांना खुलं आहे.