धूमकेतूचा बायोडेटा

ऑक्टोबर 2024. त्सुचिनशान-अ‍ॅटलस नावाचा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसणार म्हणून ऑफिसातून धावतपळत धरमपेठेतली गच्ची गाठली. दोन दिवस डोळे ताणून पाहिलं. दिसले ते फक्त रस्त्यावरचे दिवे!

चला, त्या दिव्यांपासूनच सुरुवात करू. घरातली जुनी सीडी घ्या आणि खालचा दिवा तिच्यात तिरका बघा. एलईडीचे रंग सलग पसरतात. एखादा जुना, पिवळा सोडियमचा दिवा उरला असेल तर त्याचे रंग तुटक दिसतात. ही तुटक रेघ म्हणजे त्या मूलद्रव्याची सहीच. धूमकेतूचा बायोडेटा शास्त्रज्ञ असाच वाचतात, फक्त सीडीऐवजी दुर्बिणीला स्पेक्ट्रोग्राफ लावून. उन्हाने बर्फाची वाफ होते आणि तिच्यातून सुटलेले रेणू चमकतात. डोक्याची हिरवी झाक कार्बनच्या जोड्यांची, तर सायनोजेनची सही पार जांभळ्या टोकाला. 1910 मध्ये हॅलेच्या शेपटीत हा विषारी वायू आहे आणि पृथ्वी त्यातून जाणार म्हटल्यावर अमेरिकेत चक्क ‘कॉमेट पिल्स’ खपल्या! (शेपूट इतकी विरळ, की कुणाला शिंकही आली नसेल.) 2019 मध्ये दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या बोरिसोव्हचा बायोडेटा आपल्या शास्त्रज्ञांनी लडाखमधल्या हानलेच्या 2 मीटर दुर्बिणीतून वाचला. तिथेही हेच सायनोजेन, हाच कार्बन.

गंमत म्हणजे 1997 च्या हेल-बॉपला सोडियमची वेगळी शेपूट सापडली होती. जे आकाशात शोधायचं, तेच आपण खांबाखांबावर टांगलेलं! तरी सोडियमचा दिवा थोडेच रंग बिघडवायचा. पांढरा एलईडी जवळपास सगळेच. विजेचं बिल कमी झालं, आकाश गेलं.

मग गाडी काढायची. जबलपूर हायवेने मनसर मागे टाकलं की पुढे पेंच. जानेवारी 2024 मध्ये हा देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. वाघासाठी जाणारे आपण, रात्री मात्र रूमवर टीव्ही बघतो! अमावस्येजवळचा शनिवार धरा, पावसाळा टाळा, वनखात्याकडे आधी विचारून घ्या. मोबाइल वीस मिनिटं खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावतात.

त्या वीकेण्डला तिथे आम्हाला तो दिसला. झाडांच्या शेंड्यांवर, फिकट, पण अख्ख्या शेपटीसकट.