पाठीवरचे ओझे

पायी प्रवासासारखे सुख नाही, असे आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. ते पडताळून पाहावे म्हणून गेल्या पौषात आम्ही चौघे पन्नाशीतले मित्र पाठीवर पिशव्या बांधून डहाणूहून तलासरीकडे निघालो. चिकूच्या वाड्या संपेपर्यंत मुखी वर्ड्‌स्वर्थ होता. पुढे नुसती धाप उरली.

एका पाड्यापाशी मोळी घेऊन चाललेली एक वारली वृद्धा थबकली. हे ओझे कोणाचे, असे तिने विचारले. "आमचेच, हौसेने वाहतो," आम्ही म्हणालो. ती मनापासून हसली.

ते हसू आम्हांस झोंबले. याच मुलखात वारल्यांच्या माथी जमीनदारांची वेठ होती. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, ती न करण्याचा त्यांनी निर्धार केला. ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. निर्धार ढळला नाही.

परक्याचे ओझे झुगारण्यासाठी जिथे माणसांनी प्राण वेचले, तिथे आम्ही ओझ्याची हौस मिरवीत होतो! तलासरीस पिशव्या उतरल्या. पाठ हलकी झाली, मन मात्र नाही. वर्गात पायी प्रवासाचे गोडवे आम्ही अजूनही गातो. पण आता त्या वृद्धेचा प्रश्न आधी सांगतो.